काळं कुंकू : मुंबईचे देशी फोटोग्राफर आणि ‘खरा’ फोटो

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात तुमच्या घरापासून करू. घरातला सगळ्यांत जुना फोटो जरा डोळ्यांसमोर आणा. पणजीचा असेल, खापरपणजीचा असेल. नऊवारी, नाकात नथ, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू नाही. आणि कपाळावर कुंकू. ते कुंकू कसं दिसतं? काळं दिसतं. अगदी बुक्का लावल्यासारखं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, ब्लॅक अँड व्हाइट फोटोत सगळंच काळं-पांढरं. पण तसं नाही. आज मोबाइलवर लाल कुंकवाचा फोटो काढून त्याचा रंग उडवला, तर ते साधारण मधल्या करड्या छटेत येतं. जुन्या फोटोत ते डांबरासारखं काळं येतं, कारण त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता. चांदीच्या क्षारांचा तो थर निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला जागा व्हायचा. लाल आणि पिवळ्याकडे त्याचं लक्षच नसायचं. म्हणून निळं आभाळ कोरं पांढरं यायचं, लाल लुगडं काळं यायचं, हळद लावलेला चेहरा काळवंडायचा. आणि आपली कातडी? आपल्या गहूवर्णी, सावळ्या कातडीत तांबूस-पिवळा अंश भरपूर. म्हणजे हा कॅमेरा आपल्या लोकांना, ते असतील त्याहून गडद दाखवत होता.

आजच्या व्याख्यानातला सगळा झगडा या एका गोष्टीत आहे. ‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ असं सगळे म्हणत होते, आणि ज्या माणसाला रोज त्या कॅमेऱ्यामागे उभं राहून आपल्याच माणसांचे फोटो काढायचे होते, त्याला पक्कं ठाऊक होतं की कॅमेरा दर खेपेला थोडं खोटं बोलतोय. मग खरा फोटो कोणता? यंत्रानं दिला तो, की माणूस ओळखू येईल असा हातानं नीट केला तो? आमचं म्हणणं असं आहे की आपल्याकडच्या फोटोग्राफरांनी या प्रश्नाचा सत्तरएक वर्षं, आपापल्या परीनं, धंदा करता करता विचार केला. ग्रंथ नाही लिहिले त्यांनी. पण कामात विचार दिसतो, आणि तोच आपण आज वाचायचा आहे.

फोटोग्राफीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. पण मुंबईच्या दृष्टीनं महत्त्वाचं साल १८५४. त्या वर्षी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. आधल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती, हे लक्षात ठेवा. शहराला यंत्राचं वेड लागलेलं होतं. सोसायटीत बहुतेक गोरे अधिकारी आणि हौशी लोक. पण त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि लवकरच त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजीही आले. मूळचे हे गोव्यातल्या पेडण्याकडचे, मांद्रे गावचे. दोघे भाऊ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झालेले.

डॉक्टर माणूस फोटोग्राफीकडे कसा वळला, असा प्रश्न पडतो. आम्हांला त्याचं एक फार साधं उत्तर दिसतं. त्या काळची फोटोग्राफी म्हणजे दवाखान्याचं कपाट. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या काचेची पद्धत काढली. त्यात कलोडियन नावाचं चिकट द्रावण काचेवर ओतायचं. हे कलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला एक खास कापूस, आणि डॉक्टर लोक तेच जखमेवर लावत, वर पातळ कातडीसारखा पापुद्रा धरावा म्हणून. ईथर भुलीसाठी होतंच. सिल्व्हर नायट्रेट जखमा जाळायला वापरत. म्हणजे नारायण दाजींसारख्या माणसाला यातलं एकही रसायन परकं नव्हतं.

मात्र मुंबईत ही पद्धत चालवणं म्हणजे शर्यत होती. काच पुसायची, कलोडियन एकसारखं पसरायचं, अंधारात चांदीच्या पाण्यात बुडवायची, निथळतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. इंग्लंडच्या थंडीत थोडी सवड मिळे. आपल्या मे महिन्यात ईथर बघता बघता उडून जातं. ओल्या काचेवर धूळ बसली की चेहऱ्यावर देवीच्या वणासारखे ठिपके. आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं, मानेमागे लोखंडी चिमटा लावलेला, हलायचं नाही. जुन्या उभ्या फोटोंत कधी कधी पायांच्या मागे तिसराच एक पाय दिसतो ना, तो त्या चिमट्याच्या स्टँडचा. चेहऱ्यावर हसू का नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

१८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. ही मोठीच गोष्ट होती. तोवर फोटोग्राफी साहेबाच्या हौशीत होती, ती आता देशी विद्यार्थ्याला शिकता येऊ लागली. त्या वर्गातून बाहेर पडलेलं एक नाव म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. यांनी पुढे किल्ल्यात रँपार्ट रोवर स्टुडिओ चालवला आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रं मांडली गेली. माणूस बहुरंगी. १८७४ साली लंडनमध्ये त्यांचं भगवद्गीतेवरचं पुस्तक छापलं गेलं. मुंबईच्या आर्यसमाजाचं पुढारपण केलं. १८७९ साली थिऑसॉफीचे कर्नल ऑल्कट आणि मॅडम ब्लाव्हॅट्स्की मुंबईत उतरले ते आधी यांच्याच आसऱ्याला. पुढे बिनसलं. ऑल्कट आपल्या आठवणींत लिहितो की आम्हांला वाटलं पाहुणचार आहे, तर या गृहस्थांनी भाडं, जेवणखाण, इतकंच काय स्वागतसमारंभाच्या खुर्च्यांचं भाडंसुद्धा बिलात लावलं! ही अर्थात एका बाजूची हकिगत झाली. पण आम्हांला त्यातून दिसतो तो पक्का स्टुडिओवाला. खुर्चीचे पैसे लागतात, हे स्टुडिओवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता याच सोसायटीतला एक इंग्रज फोटोग्राफर घेऊ, विल्यम जॉन्सन. यानं विल्यम हेंडरसनबरोबर १८५६ पासून एक फोटोंचं मासिक चालवलं, आणि नंतर १८६३ आणि १८६६ मध्ये दोन मोठे ग्रंथ काढले. नावाचा अर्थ साधारण ‘मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या पौर्वात्य जाती व जमाती’. पहिला भाग गुजरात, कच्छ, काठेवाडकडच्या लोकांचा, दुसरा महाराष्ट्राचा. प्रत्येक पानावर एक फोटो, खाली जातीचं नाव, सोबत माहिती. पुस्तकाचा आव शास्त्रीय : ही पाहा, ही जात अशी दिसते.

पण हे फोटो बारकाईनं बघा. माणसं देवळासमोर उभी आहेत, झाडाखाली बसली आहेत, मागे डोंगर आहे. फक्त माणसं आणि मागचं दृश्य यांचं एकमेकांशी जमत नाही. कारण ती तिथे कधी नव्हतीच. त्यांचे फोटो स्टुडिओत काढले, देखाव्याची काच वेगळी, आणि मग दोन्ही जोडून एक फोटो छापला. आम्ही जॉन्सनला लबाड म्हणत नाही. त्या काळच्या काचेवर बाहेरच्या उन्हात माणूस आणि मागचा देखावा दोन्ही नीट मिळवणं अवघड होतं, आणि अशी जोडणी सर्रास चालायची. मुद्दा वेगळा आहे. जे पुस्तक ‘शास्त्र’ म्हणून ओळखलं गेलं, त्यात कात्री चालली होती. आणि जोडलं काय? जात आणि तिची जागा. गाळलं काय? नाव. त्या पानांवर आपलीच माणसं आहेत, कुणाचे तरी पणजोबा आहेत, पण ती तिथे ‘नमुना’ म्हणून उभी आहेत.

सरकारनं पुढे हेच मोठ्या प्रमाणावर केलं. ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्याची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला होते. तिथे इंडिया ऑफिसात त्यांचा मुलगा हे खंड चाळत बसला होता. एका तरुण इंग्रजानं काही पानं बघून त्याला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलगा हो म्हणाला, पण लाजेनं लाल झाला, आणि घाईघाईनं सांगू लागला की मी त्या आदिवासींपैकी नाही. सर सय्यद यांनीच हे लिहून ठेवलं आहे. आपण हे वाचताना दोनदा थांबतो. एकदा त्या पोराच्या लाजेपाशी, आणि दुसऱ्यांदा ज्यांच्यापासून त्यानं स्वतःला तातडीनं वेगळं केलं त्यांच्यापाशी. त्यांचेही फोटो कुणी विचारून काढले नव्हते.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, नाहीतर आमचं सांगणं फार सोयीचं होईल. गोरा फोटोग्राफर म्हणजे नमुने काढणारा आणि देशी म्हणजे माणसं काढणारा, अशी सरळ वाटणी नाही. डॉ. नारायण दाजींनी सोसायटीत मांडलेल्या फोटोंतही कारागीर, गारुडी, रस्त्यावरचे व्यवसाय करणारे लोक होते. म्हणजे भाऊ दाजींच्या घरातला, शिकलेला, सुधारक माणूसही कॅमेरा हातात आल्यावर आधी खालच्या पायरीवरच्या माणसाकडे वळतो आणि त्याचं नाव लिहायचं राहून जातं. कॅमेरा कुणाच्या हातात आहे यानं सगळं ठरत नाही. फोटो शेवटी कुणाकडे जाणार, यानं बरंच ठरतं. प्रदर्शनाच्या भिंतीसाठी काढलेला फोटो एका प्रकारचा असतो. ज्याचा आहे त्याच्याच भिंतीसाठी काढलेला दुसऱ्या प्रकारचा.

आणि हा दुसरा प्रकार वाढला तो गिऱ्हाइकामुळे. १८८० च्या सुमाराला तयार कोरड्या काचा बाजारात आल्या. जिलेटिनचा थर, वाळलेला, पेटीत बंद. बाजारातून आणा, लागेल तेव्हा वापरा. शर्यत संपली. डॉक्टर असायची गरज राहिली नाही. आता फोटोग्राफर नाशकात, कोल्हापुरात, बडोद्यात, गोध्र्यात दुकान मांडू शकत होता. लाला दीनदयाळांसारख्या नामवंतानं १८९६ मध्ये मुंबईत भव्य स्टुडिओ थाटला, त्याची कीर्ती मोठीच होती. त्याआधी हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली वेगळा जनाना स्टुडिओही उघडला होता. पण आम्हांला जास्त ओढ आहे ती ज्यांची नावं फक्त फोटोच्या पुठ्ठ्यावर मागे छापलेली राहिली, त्या लहान स्टुडिओंची.

या स्टुडिओत काय होतं? उत्तरेकडून उजेड येईल असं काचेचं किंवा पांढऱ्या कापडाचं छत. एक कोरीव खुर्ची. एक तिपाई, तिच्यावर फुलदाणी किंवा पुस्तक. मागे रंगवलेला पडदा : खांब, कमान, जिना, लांबवर बाग. हे पडदे आणि नाटकाचे पडदे यांचं नातं सख्ख्या भावंडांचं. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले, आणि त्यांच्यातले बाबूराव पुढे सिनेमाकडे गेले. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० चा. रंगमंच, स्टुडिओ आणि सिनेमा यांच्या भिंती तेव्हा फार पातळ होत्या.

मग हा पडदा आणि जॉन्सनचा जोडलेला देखावा, यांत फरक काय? दोन्ही खोटेच की! फरक हा, की पडद्यासमोर बसायला माणूस स्वतःच्या पायांनी आला, पैसे मोजून आला, आणि काय हातात धरायचं हे त्यानं ठरवलं. ज्याला कधी खुर्चीत बसायला मिळालं नाही तो खुर्चीत बसला. जिला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं ती पुस्तक हातात घेऊन बसली. हातातलं ते पुस्तक कुठलं, हे फोटोत कधीच वाचता येत नाही. कित्येकदा ते स्टुडिओचंच असणार. पण तिनं ते मागून घेतलं असेल, तर ती आपण कोण आहोत हे सांगत होती. जॉन्सनच्या पानावरच्या माणसाला हे सांगायची सोय नव्हती.

नवरा खुर्चीत आणि बायको बाजूला उभी, अशा जोडप्यांच्या फोटोंबद्दल आपण आज हसतो, चिडतोही. चिडावंच. स्टुडिओत घरातली उतरंड जशीच्या तशी यायची. पण ज्या काळात नवराबायकोनं चारचौघांत एकमेकांशी बोलणंही वाईट दिसे, त्या काळात दोघांनी एका चौकटीत येणं हीसुद्धा एक घटना होती, एवढं विसरू नये.

आता पुन्हा काळ्या कुंकवाकडे या. फोटो काढून झाला, काच धुतली, वाळवली. मग ती काच जायची एका तिरप्या चौकटीवर, मागून उजेड, आणि समोर टोकदार पेन्सिल घेतलेला माणूस. हा रिटचर. काचेवर सगळं उलटं असतं हे लक्षात घ्या. तिथे जे पारदर्शक ते छापल्यावर काळं. काळवंडलेल्या चेहऱ्याचा भाग काचेवर पातळ असतो, त्याच्यावर पेन्सिलीची अगदी बारीक, दाट जाळी ओढली की छापताना तो भाग उजळतो. डोळ्यांखालचं काळं जातं, वण जातात, वर्ण उजळतो. मोठ्या स्टुडिओत हे काम करणारा वेगळा माणूस असे, लहान ठिकाणी फोटोग्राफर स्वतः. काही ठिकाणी पुढे जाऊन कागदावरच्या फोटोला रंग देत. मग काळं आलेलं कुंकू परत लाल व्हायचं, दागिन्यांना पिवळा, ओठांना जरा तांबूस.

रिटचिंगची कुचेष्टा करणं सोपं आहे. गोरं दिसायची हौस, म्हणून सोडून देता येतं. ती हौस होतीच, आणि ती निरागस नव्हती. जातीचा आणि वर्णाचा जुना माज तिच्यात आहे. पण निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी ही की काच चुकीची होती. ती बनवणाऱ्यांना आपल्या कातडीची पर्वा नव्हती, आपल्या कुंकवाची तर नव्हतीच. रंगांची ही आंधळेपणाची खोड घालवायचा मार्ग १८७३ मध्ये जर्मनीत फोगेल नावाच्या शास्त्रज्ञाला सापडला, पण सगळे रंग बरोबर बघणारी काच बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. मधली तीसएक वर्षं आपल्या रिटचरनं पेन्सिलीनं भरून काढली. तो खोटं करत होता का? की यंत्राचं खोटं दुरुस्त करत होता? आम्हांला वाटतं, एकाच पेन्सिलीनं तो दोन्ही करत होता, आणि एका चेहऱ्यावर यातलं काय किती, हे आज सांगता येत नाही.

जाता जाता एक गंमत. त्या काळचा फोटोचा कागद कसा बनायचा? अंड्यातला पांढरा भाग फेसून, निवळून, कागदावर चढवून. चकाकी त्याची. पुढच्या काचांवरचं जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यापासून. आणि हा फोटो कुठे टांगला जायचा? देवघराशेजारी, सोवळ्याच्या घरात, वर चंदनाचा हार. कुणाचं सोवळं मोडलं नाही. आजोबांचा चेहरा दिसत होता ना!

हाराचा विषय निघालाच आहे तर त्या काळच्या भीतीबद्दल बोलू. कॅमेरा आयुष्य ओढून घेतो, फोटो काढला की माणूस लवकर मरतो, ही समजूत होती. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाच्या कितीतरी आधी ते फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ चालवला, आणि तिथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे बडोद्यात पुन्हा धंदा मांडला तर याच समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. आपण या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. पण जरा विचार करा. बहुतेक घरांत भिंतीवर फोटो लागायचा तो माणूस गेल्यावर. फोटो म्हणजे हार, फोटो म्हणजे श्राद्धाचा पाट. मग जिवंतपणी फोटो काढून घेणं म्हणजे स्वतःच्या हाताची जागा भिंतीवर आखून ठेवण्यासारखंच. त्या भीतीमागे फोटोबद्दलचा एक नीट विचार होता : फोटो माणसाच्या जागी उभा राहतो. साहेबाच्या ग्रंथात तो जातीच्या जागी उभा होता.

फाळक्यांनी १९१२ मध्ये काय केलं बघा. कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत तो वेल कसा उगवतो-वाढतो ते दाखवलं. हा सिनेमाचा प्रयोग म्हणून सांगतात, आम्हांला तो स्टुडिओवाल्याचा प्रयोग वाटतो. एकच आसन, एकच उजेड, आणि रोज तेच गिऱ्हाईक. फक्त हे गिऱ्हाईक मरायच्या भीतीनं पळून जाणारं नव्हतं, ते वाढत होतं. घरात फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचं काम सरस्वतीबाई करत होत्या; त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इथवर आपण हाताबद्दल बोललो. फोटोवर हात फिरवावा का, कुणासाठी फिरवावा. आता शेवटचा फोटोग्राफर असा, ज्यानं हात बाजूला ठेवला. नारायण विनायक विरकर. गिरगावातले स्टुडिओवाले. लोकमान्यांसह त्या काळच्या पुढाऱ्यांचे फोटो काढणारे. म्हणजे ज्या परंपरेचं आपण बोलतोय, खुर्ची, उजेड, पेन्सिल, तिच्यातलेच.

१३ एप्रिल १९१९. अमृतसर, जालियनवाला बाग. जनरल डायरनं नोव्हेंबरात हंटर समितीपुढे सांगितलं की १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार मेलेले ३७९. लोकांचा आकडा याहून खूप मोठा. आणि पंजाबात लष्करी कायदा, बातम्यांवर बंदी. मुंबईला, पुण्याला कळायचं ते तुकड्यातुकड्यानं. अशा वेळी विरकर अमृतसरला गेले आणि त्यांनी त्या बागेचे फोटो काढले.

काय काढलं त्यांनी? प्रेतं तर तिथे नव्हती. घटना होऊन गेलेली. उरली होती भिंत. विरकरांनी भिंत काढली. विटांमध्ये गोळ्यांनी पडलेली भोकं, आणि त्यांच्याजवळ उभी असलेली, ती दाखवणारी साधी माणसं. बस. पडदा नाही, खुर्ची नाही, फुलदाणी नाही.

तो फोटो आपण जरा वेळ बघू. भोकं स्वतः बोलत नाहीत. विटेतलं भोक हे विटेतलं भोकच. खिळ्याचं असेल, पावसाचं असेल. त्याला अर्थ येतो तो शेजारच्या माणसामुळे. त्याच्या उंचीमुळे कळतं की गोळी कुठे लागली असती : छातीला, डोक्याला. माणूस इथे मापासाठीही आहे आणि साक्षीसाठीही. गोऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी माणसांना मोजपट्टीशेजारी उभं करून फोटो काढले होते, माणूस मोजायला. विरकरांच्या फोटोत माणूसच पट्टी झालाय, आणि मोजलं जातंय ते सरकारनं केलेलं काम. ही उलटापालट त्यांनी ठरवून केली का, हे सांगायला आमच्याकडे त्यांचं लिखाण नाही. पण कुठे कॅमेरा लावायचा, माणसाला किती जवळ उभं करायचं, हे स्टुडिओवाल्याच्या हाडात असतं.

आणि पेन्सिल? इथे ती चालली असती तर सगळंच गेलं असतं. एक भोक जरी हातानं केलंय असा संशय आला असता, तर पुरावा म्हणून तो फोटो मेला. ज्या माणसाच्या धंद्यात रोज चेहरे उजळायचे असतात, त्याला कुठे हात लावायचा नाही हेही तितकंच नेमकं कळत असणार. जुन्या स्टुडिओला खरेपणा ठाऊक नव्हता, तो नुसता नटवण्याचा धंदा होता, असं म्हणणाऱ्यांना आम्ही विरकरांची ही भिंत दाखवतो. आपल्या भाषेत आपण फोटो ‘काढतो’. पूर्वी ‘उतरवूनही’ घेत, जशी कागदाची नक्कल उतरवतात तशी. स्टुडिओत फोटो काढला जायचा, चित्र काढावं तसा. अमृतसरला तो उतरवून घेतला गेला.

तरी एक टोचणी राहतेच. त्या भिंतीजवळच्या माणसांची नावं? पुढाऱ्यांच्या फोटोखाली नावं असतात. इथे पुन्हा ‘एक मनुष्य’. जॉन्सनच्या ग्रंथाला पन्नासएक वर्षं झाली होती, फोटोचा हेतू उलटा झाला होता, आणि नाव अजून आलं नव्हतं. याच काळाच्या मधोमध काढलेला एक फोटो आठवतो. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात : आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली. अमेरिकन स्टुडिओतला फोटो, आणि मांडणी पुन्हा नमुन्यांचीच, नाही का? तीन देश, तीन वेश. पण खाली तिघींची नावं लिहिलेली आहेत, गावांसकट. तेवढ्यानं ते चित्र ‘पौर्वात्य स्त्रिया’ व्हायचं वाचलं. आज त्या तिघींपैकी प्रत्येकीचा शोध घेता येतो.

आता प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट, कारण दर व्याख्यानानंतर कुणी ना कुणी हे विचारतंच. घरच्या जुन्या फोटोच्या मागे काय आहे ते बघायला चौकट उघडू का? घाई करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत फोटो काचेला चिकटून बसतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि पुठ्ठा तुमच्या हातात. आधी काचेतूनच मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. सहज सुटत असेल तरच सोडवा. पाठीमागे स्टुडिओचं नाव-गाव छापलेलं असेल तर तेही टिपून घ्या. त्याच्यावरून साल काढायला मदत होते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून नावं विचारा, फक्त खुर्चीत बसलेल्यांची नव्हे, मागे उभ्या असलेल्या बाईचं, कडेवर मूल घेतलेल्या पोरीचं, कोपऱ्यात अर्धा आलेल्या गड्याचं सुद्धा. नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, पाठीमागे, कडेला, फार न दाबता. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

हं, बोला. मागच्या रांगेत कुणीतरी हात वर केला होता.